कर्नलवर पहारा बसला की मशीन हळू का होतं?

हे या भागाचं लिखित रूप. लोकलच्या गोंगाटात इयरफोन लावूनही काही ऐकू येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांसाठी खास. बोलताना मध्ये मध्ये आलेले "म्हणजे" आणि "काय म्हणतात ते" मी काढून टाकलेत. कमांड मात्र ऑडिओत जशा तोंडी सांगितल्या तशाच ठेवल्यात.

तुमच्यापैकी ज्यांनी फोनवर कस्टम रॉम टाकलाय, त्यांनी एक नोटिफिकेशन कधी ना कधी पाहिलं असेल. सरकवलं तरी जात नाही. मजकूर साधारण असा: सिरियल कन्सोल चालू आहे, परफॉर्मन्सवर परिणाम होतोय, बंद करायचं असेल तर बूटलोडरमध्ये बघा. बहुतेक जण काय करतात? ते नोटिफिकेशन लपवायचं कसं ते शोधतात. पण त्या ओळीत अँड्रॉइड तुम्हाला फार प्रामाणिकपणे सांगतंय की बाबा, मी हळू चाललोय, आणि का हळू चाललोय तेही मला माहीत आहे.

इतकी सरळ कबुली फार कमी वेळा मिळते. एरवी कर्नलमधली डीबगची यंत्रणा गुपचूप चालू असते, मशीन रडतखडत चालतं आणि आपण रॅमला, एसएसडीला, प्रोसेसरला किंवा स्वतःच्या कोडला दोष देत बसतो. आजचा भाग त्यावर आहे. मशीन हळू झालंय ते कर्नलच्या डीबग सोयींमुळे, हे ओळखायचं कसं.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर मेसेजचा पाऊस पडेल. दुकानातून आणलेला, जसाच्या तसा वापरात असलेला फोन हळू झाला असेल, तर कारण जवळजवळ नक्कीच हे नाही. स्टोरेज काठोकाठ भरलंय का, फोन तापून स्वतःचा वेग कमी करतोय का, बॅटरी म्हातारी झाली का, ते बघा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन उगाच काही बटणं दाबली असतील तर तीही बघा. तिथलं "डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज" चालू राहिलं की प्रत्येक अ‍ॅप परत आल्यावर पहिल्यापासून उघडतं, आणि लोकांना वाटतं फोनच गेला. त्याचा कर्नलशी संबंध नाही. आजचा विषय ज्यांनी कस्टम कर्नल टाकलाय, लॅपटॉपवर लिनक्सची चाचणी आवृत्ती घेतलीय, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कर्नल स्वतः कंपाइल केलाय, किंवा नव्या नोकरीत एखादा बोर्ड हातात पडलाय, त्यांच्यासाठी.

पहारा म्हणजे नेमकं काय

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला द्यायची, प्रोसेसर कोणाला द्यायचा, फाइल कुठे लिहायची, सगळं तिथे ठरतं. तिथे चूक झाली तर एखादं अ‍ॅप बंद पडून भागत नाही, अख्खं मशीन बसतं. आणि या चुका बहुतेक वेळा लगेच दिसत नाहीत. आज कोणीतरी चुकीच्या जागी एक बाइट लिहिला, मशीन कोसळलं परवा, भलत्याच ठिकाणी. म्हणून कर्नल लिहिणाऱ्यांनी कर्नलमध्येच पहारेकरी नेमले. चूक जिथे होते तिथेच, त्याच क्षणी पकडायची. हे पहारेकरी फुकट काम करत नाहीत, इतकंच.

त्यातल्या तिघांची ओळख करून देते, कारण तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा यांच्यातलाच कोणीतरी असतो.

पहिला लॉकडेप. लिनक्समध्ये हा २००६ साली आला, इंगो मोल्नार यांचं काम. समजा होस्टेलवर दोघांत एक स्कूटर आहे. एकाने किल्ली उचलली आणि हेल्मेटची वाट बघत बसला. दुसऱ्याने हेल्मेट उचललं आणि किल्लीची वाट बघत बसला. दोघेही आयुष्यभर तिथेच. कर्नलमध्ये यालाच डेडलॉक म्हणतात, आणि तो हजारात एखाद्या वेळीच घडतो म्हणून सापडत नाही. लॉकडेप काय करतो, तर प्रत्यक्ष अडकण्याची वाट बघत नाही. कोण कुठलं कुलूप कुठल्या कुलपानंतर घेतो याची वही ठेवतो. एकाने आधी किल्ली मग हेल्मेट घेतलं आणि दुसऱ्याने कधीतरी, अगदी वेगळ्या दिवशी, आधी हेल्मेट मग किल्ली घेतली, की हा ओरडतो. अजून कोणी अडकलेलं नाही, पण अडकू शकतं.

कल्पना झकास आहे. पण कर्नलमध्ये कुलपं घेणं आणि सोडणं हे प्रचंड प्रमाणात चालू असतं. साधी फाइल उघडली तरी अनेक कुलपं हलतात. लॉकडेप चालू असताना प्रत्येक वेळी वहीत नोंद, आधीच्या नोंदींशी पडताळणी. शिवाय प्रत्येक कुलपाला आपली माहिती चिकटवून ठेवावी लागते, त्यामुळे जे कुलूप एरवी ४ बाइटांत मावतं ते कित्येक पट फुगतं. ते ज्या ज्या रचनेत बसवलंय त्या सगळ्या फुगतात आणि प्रोसेसरच्या कॅशेमध्ये पूर्वीइतक्या मावत नाहीत. म्हणजे पहाऱ्याचा खर्च पहारेकऱ्याच्या पगारावर थांबत नाही, त्याच्या खुर्चीने घरातली जागाही अडते.

दुसरा स्लबचा पहारा. स्लब हा कर्नलचा छोट्या छोट्या मेमरीच्या तुकड्यांचा कोठीवाला. त्याचा डीबग मोड मला फार आवडतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. रात्री दारात रांगोळी घालून ठेवा आणि सकाळी बघा. पुसलेली दिसली तर कोणीतरी येऊन गेलं. स्लब तेच करतो. परत आलेला तुकडा एका ठरावीक खुणेने भरून ठेवतो. ती खूण म्हणजे हेक्समध्ये सिक्स बी, प्रत्येक बाइटात तीच. शेवटच्या बाइटात वेगळी खूण. तुकड्याच्या कडेलाही लक्ष्मणरेषेसारखी पट्टी. पुढच्या वेळी तो तुकडा कोणाला द्यायची वेळ आली की आधी सगळी रांगोळी तपासायची. एक बाइट जरी हललेला असला, तर परत केलेल्या मेमरीवर कोणीतरी लिहिलंय.

प्रत्येक देण्याघेण्यात भरणं आणि तपासणं आलं. पण खरा फटका वेगळाच आहे आणि तो पटकन लक्षात येत नाही. एरवी स्लब प्रत्येक कोअरला त्याची वेगळी छोटी कोठी देतो, म्हणजे आठ कोअर असले तरी कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. डीबग चालू झालं की हा जवळचा रस्ता बंद होतो. सगळे कोअर लांबच्या, कुलूप लावलेल्या रस्त्याने जातात. म्हणजे जितके कोअर जास्त, तितकी रांग लांब. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा कासान, म्हणजे कर्नल अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. मुख्य लिनक्समध्ये २०१५ मध्ये, ४.० आवृत्तीत आला. हा सगळ्यात कडक. एसटीचा कंडक्टर एकदा तिकीट देतो आणि पुढे जातो. कासान हा प्रत्येक थांब्यावर प्रत्येक सीटचं तिकीट पुन्हा बघणारा कंडक्टर. कंपायलर कर्नलच्या कोडमध्ये मेमरीला हात लावण्याच्या जवळजवळ प्रत्येक जागेआधी एक तपासणी घुसवतो. ही जागा वापरायला परवानगी आहे का? त्यासाठी दर ८ बाइटांमागे १ बाइट सावली म्हणून बाजूला ठेवावा लागतो. हिशेब करा: ८ जीबी रॅम असेल तर १ जीबी नुसत्या सावलीला. तुमच्या अ‍ॅपना उरलेल्यात भागवायचंय. आता काही नव्या फोनमध्ये हे काम हार्डवेअरच करतं, पिक्सेल ८ मध्ये डेव्हलपर ऑप्शन म्हणून ती सोय आली, दर १६ बाइटांना ४ बिटांचं लेबल. ते खूप स्वस्त पडतं. पण जुन्या पद्धतीचा, सॉफ्टवेअरवाला कासान म्हणजे मशीन डोळ्यांना दिसेल इतकं हळू.

मग इतकं महाग असेल तर चालू ठेवतंच कोण? ज्यांचं काम चुका शोधणं आहे ते. गूगलचं सिझबॉट नावाचं यंत्र वर्षानुवर्षं असेच पहारे बसवलेल्या कर्नलवर वेडेवाकडे सिस्टीम कॉल मारत बसतं, आणि त्यातून हजारो चुका बाहेर आल्यात. तुमचा फोन हॅक होणं त्यामुळेच थोडं अवघड झालंय. म्हणून मी या सोयींना शिव्या देणार नाही. शिव्या द्यायच्याच असतील तर पहारा चालू आहे हे न सांगणाऱ्याला द्या.

हे न सांगण्याबाबत फ्रीबीएसडीवाल्यांचं कौतुक करायला हवं. त्यांच्या सोर्समध्ये अपडेटिंग नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात वरच, ठळक अक्षरांत, ज्यांना चालू विकासातली आवृत्ती हळू वाटते अशा लोकांसाठी एक टीप आहे. सांगितलंय असं की या आवृत्तीत कर्नलमध्ये आणि बाहेरही चुका लवकर पकडणाऱ्या सोयी मुद्दाम चालू ठेवल्यात, त्यांनी वेग बराच खाली येतो, आणि तुम्हाला मोजमाप करायचं असेल तर आधी त्या बंद करा. त्यातल्या कुलपं तपासणाऱ्या सोयीचं नावच विटनेस आहे, साक्षीदार. शिवाय पहारा नसलेल्या कर्नलची तयार कॉन्फिगरेशनही सोबत देतात, जेनेरिक-नोडीबग नावाची. पक्क्या रिलीजमध्ये हे पहारे बंद असतात. फेडोराच्या रॉहाइडमध्येही डीबग चालू असलेल्या कर्नल बिल्ड येतात, आणि ज्यांना त्या नकोत त्यांच्यासाठी नोडीबगचं वेगळं भांडार आहे. पण टीप वाचतं कोण!

थोडं हळू नाही, वाकडं

आता मुद्द्याचं. "डीबग कर्नल म्हणजे समजा दीडपट हळू, मग सगळ्या आकड्यांना दीडने भागू", असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पहारा सगळ्यांना सारखा लुबाडत नाही. जे काम कर्नलमध्ये फारसं शिरतच नाही, म्हणजे नुसती आकडेमोड, व्हिडिओ एन्कोड करणं, मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार, त्याला फारसा फरक पडत नाही. जे काम सतत कर्नलचं दार ठोठावतं, लहान लहान फाइली, नव्या प्रोसेस, नेटवर्कची छोटी पाकिटं, त्याचं कंबरडं मोडतं. आणि जिथे अनेक कोअर एकाच वेळी ठोठावतात तिथे अजूनच. म्हणजे डीबग कर्नलवरचे आकडे हे खऱ्या आकड्यांची झेरॉक्स नव्हे, जत्रेतल्या वाकड्या आरशातलं प्रतिबिंब आहे. कोण उंच, कोण बुटका, हा क्रमच बदलू शकतो.

याचं एक उदाहरण मिळालं ते एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. प्रोजेक्ट होता सी मध्ये लिहिलेला अनेक थ्रेडचा छोटा सर्व्हर. त्याचं म्हणणं, थ्रेड वाढवले तरी वेग वाढेना, एका टप्प्यानंतर उलट खाली. त्याच्या गाइडचं मत पडलं की डिझाइनच चुकलंय, थ्रेड काढून टाका, रिपोर्टमध्ये तसा निष्कर्ष लिहा. सबमिशनला दहा दिवस. मी त्याला एकच विचारलं, कर्नल कुठला? म्हणाला, स्वतः कंपाइल केलेला, शिकायला म्हणून. आणि कॉन्फिगरेशनमध्ये? तिथे "कर्नल हॅकिंग" नावाचा एक मेनू असतो. नावच असं की कोणत्याही विद्यार्थ्याचा हात शिवशिवेल. त्यात दिसेल ते त्याने चालू केलं होतं.

स्लबची लांबची रांग आठवली ना? त्याचे आठ थ्रेड दर जोडणीमागे कर्नलकडून छोटे तुकडे मागत होते आणि सगळे एकाच कुलपापाशी उभे होते. डिझाइनने काही गुन्हा केला नव्हता. डिस्ट्रोचा मूळचा कर्नल ग्रबच्या यादीत होताच. त्यावर बूट करून तीच चाचणी चालवली आणि थ्रेड वाढवल्यावर वेग वाढायला लागला. रिपोर्टमधली दोन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली, पण बरोबर निष्कर्षासह. गाइडना मी दोष देत नाही. आकडे समोर होते आणि त्यांनी आकड्यांवर विश्वास ठेवला.

तर तपास असा करायचा

पहिली गोष्ट, काहीही उघडून बघण्याआधी दोन चाचण्या करा. एक, नुसती आकडेमोड. पायथनमध्ये कोटी वेळा फिरणारं एक लूप पुरे. दोन, एक लाख रिकाम्या फाइली तयार करणं आणि पुसणं, पण त्या रॅममधल्या फोल्डरवर, लिनक्समध्ये स्लॅश डेव्ह स्लॅश एसएचएम असतं तिथे. डिस्कवर करू नका, नाहीतर हळू असण्याचा आळ बिचाऱ्या एसएसडीवर येईल. दोन्हींच्या आधी टाइम ही कमांड लावा. ती तीन आकडे देते: घड्याळाप्रमाणे लागलेला वेळ, तुमच्या प्रोग्रॅमने स्वतः वापरलेला वेळ, ज्याला यूजर म्हणतात, आणि कर्नलने वापरलेला, ज्याला सिस म्हणतात. मग त्याच मशीनवर दुसरा कर्नल बूट करून पुन्हा तेच. दुसरं मशीन नको, मित्राचा लॅपटॉप नको. मशीन तेच, चाचणी तीच, फक्त कर्नल वेगळा. प्रत्येक चाचणी चार-पाच वेळा चालवा आणि पहिली सोडून द्या.

आकडेमोडीचा वेळ जवळपास तोच आणि फाइलींच्या चाचणीत सिस मात्र अनेक पट, असं दिसलं तर संशयित कर्नलच्या आतच आहे. दोन्ही चाचण्या सारख्याच प्रमाणात हळू झाल्या असतील तर बहुधा तापमान, बॅटरी मोड किंवा प्रोसेसरचा वेग, इकडे वळा. या एका तुलनेने निम्मं काम होतं. मला विचाराल तर बाकीची अवजारं नंतर, आधी हे.

दुसरं, कर्नलला नाव विचारा. यूनेम, स्पेस, डॅश आर. फेडोरात डीबगवाला कर्नल असेल तर नावाच्या शेवटी प्लस डीबग असं सरळ लिहिलेलं असतं. फोनवर सेटिंग्समध्ये कर्नल व्हर्जनची ओळ असते, पण तिच्यावरून फार कळत नाही. एडीबी लावता येत असेल तर गेटप्रॉपने आरओ डॉट बिल्ड डॉट टाइप विचारा. उत्तर यूजर आलं तर ठीक. यूजरडीबग किंवा ईएनजी आलं तर तो विकासकांसाठीचा बिल्ड आहे. सुरुवातीचं ते सिरियल कन्सोलचं नोटिफिकेशनही अशाच बिल्डवर भेटतं.

तिसरं, बूट होतानाचे मेसेज वाचा. कमांडचं नाव डी-एम-ई-एस-जी. पहारेकरी कामावर येताना हजेरी लावतात. लॉकडेप आपलं नाव, २००६ हे साल आणि मोल्नार यांचं नाव छापतो. कासानही आपण सुरू झाल्याचं सांगतो. आणि ट्रेस-प्रिंटके नावाची डीबग सोय कोणी ड्रायव्हरमध्ये विसरली असेल, तर कर्नल चक्क नोटीस, नोटीस, नोटीस अशी चौकट छापतो आणि म्हणतो की हा डीबग कर्नल आहे, खऱ्या वापरासाठी सुरक्षित नाही, तुम्ही कर्नल डीबग करत नसाल तर विक्रेत्याला ताबडतोब कळवा. इतका ओरडणारा मेसेज कर्नलमध्ये क्वचितच असेल. तरी तो हजार ओळींत पडून राहतो.

चौथं, कॉन्फिगरेशन. लॅपटॉपवर बूट फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची फाइल असते, अँड्रॉइडवर प्रॉक फोल्डरात कॉन्फिग डॉट जीझेड. इथे एक सापळा आहे. डीबग शब्द शोधला की शंभर ओळी येतात आणि माणूस घाबरतो. त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी. डीबग-कर्नल हे फक्त मेनूचं दार आहे. डीबग-इन्फो म्हणजे फाइलीसोबत ठेवलेली नावांची यादी, तिने वेग जात नाही. स्लब-डीबग हे तर नेहमीच्या कर्नलमध्येही असतं, त्याचा अर्थ रांगोळीचा डबा घरात आहे एवढाच. रांगोळी घातलेली आहे का, हे स्लब-डीबग-ऑन सांगतं. डीबग-पेजअ‍ॅलॉकचंही तसंच, नुसतं असून काही होत नाही, बूटच्या वेळी चालू करावं लागतं किंवा आपोआप चालू व्हायचा वेगळा पर्याय लावलेला असावा लागतो. उलट प्रूव्ह-लॉकिंग आणि कासान दिसले तर ते खरोखर कामावर आहेत. म्हणून प्रॉकमधली सीएमडीलाइनही बघा, बूटच्या वेळी कोणी काय चालू केलंय ते तिथे कळतं.

कस्टम रॉमवाल्यांसाठी इथेच एक खास जागा आहे. क्वालकॉमच्या कर्नल सोर्समध्ये एकाच चिपसाठी दोन कॉन्फिगरेशन सापडतात, एक साधी आणि एक नावात पर्फ असलेली. साधी ही विकासाच्या कामाची, डीबगने भरलेली. पर्फवाली ग्राहकाच्या फोनसाठी. कर्नल बनवणाऱ्याने घाईत पहिली उचलली, तर फोन चालतो, कॉल लागतात, कॅमेरा उघडतो, फक्त सगळं जरा जड वाटतं. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर गव्हर्नर बदला, अ‍ॅनिमेशन कमी करा, असे नुसखे सुरू होतात.

पाचवं अवजार पर्फ टॉप. कर्नल या क्षणी कुठल्या फंक्शनमध्ये वेळ घालवतोय ते दाखवतं. वर लॉक-अक्वायर आणि लॉक-रिलीज दिसले तर लॉकडेप. मेमसीएचआर-इन्व्ह किंवा चेक-बाइट्स असं काही दिसलं तर कोणीतरी रांगोळी तपासतंय, म्हणजे स्लब. नावात कासान किंवा असान दिसलं तर सांगायलाच नको. तुमच्या सर्व्हरचं किंवा फाइल सिस्टीमचं नाव यादीत खाली कुठेतरी असतं. काम करणाऱ्यापेक्षा पहारेकरीच जास्त, हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही.

लॉकडेपची एक खोड इथेच सांगते, कारण तिने मोजमाप करणारे भलतेच चक्रावतात. त्याला एक चूक सापडली की तो अहवाल छापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. वहीवर आता भरवसा नाही असं त्याचं मत. परिणाम काय, तर मशीन सकाळी हळू, दुपारी कर्नलने मोठी एरर छापली आणि त्यानंतर मशीन हलकं झालं! एरर आल्यावर वेग वाढला असं कोणी सांगितलं तर हसू नका, डी-एम-ई-एस-जी वाचा.

आता तो सिरियल कन्सोल. हा लॉकडेपसारखा पहारेकरी नाही, हा नुसता बडबड्या, पण फोन आणि बोर्डवर याचाच त्रास जास्त. सिरियल केबलचा नेहमीचा वेग असतो सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ छापायला जवळपास ७ मिलिसेकंद. आणि पारंपरिक पद्धतीत ओळ छापणारा कोअर केबल मोकळी होईपर्यंत तिथेच उभा राहतो. फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. एखाद्या ड्रायव्हरने तीन ओळी टाकल्या की २१ मिलिसेकंद गेले, आणि त्याच कोअरवर तुमचं स्क्रोलिंग चाललं असेल तर एक फ्रेम गेलीच. १२० हर्ट्झच्या पडद्यावर तर दोन ओळींतच गेली. केबल जोडलेली असायचीही गरज नाही, पलीकडे ऐकणारा कोणी नसला तरी हा बोलतच राहतो.

यावर उपाय सोपा. बूटच्या पर्यायांत क्वाएट घाला, लॉगलेव्हल खाली आणा, कन्सोलचा पर्याय नको असेल तर काढा. मेसेज हरवत नाहीत, मेमरीत राहतात, नंतर वाचता येतात. कोणी फंक्शन ट्रेसर चालू ठेवून गेलंय का तेही बघा. ट्रेसिंगच्या फोल्डरात करंट-ट्रेसर नावाची फाइल असते, तिच्यात एनओपी असायला हवं.

बाकीच्यांचं काय? स्लबचा पहारा बूटच्या वेळी उतरवता येतो, स्लब-डीबग बरोबर आणि पुढे फक्त उणेचं चिन्ह. रॉहाइडवाले बरेच जण हेच करतात. लॉकडेप आणि सॉफ्टवेअरवाला कासान कर्नलच्या अंगातच मुरलेले असतात, त्यांच्यासाठी दुसरा कर्नल बसवणं किंवा पुन्हा कंपाइल करणं आलं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी त्या दोन चाचण्या चालवा. सगळं एकदम बंद केलं तर मशीन सुटेल, पण नेमका दोषी कोण होता ते कधीच कळणार नाही, आणि तुमच्या वरिष्ठांचा पहिला प्रश्न तोच असेल.

आणि डीबगवाला कर्नल फेकून देऊ नका. ग्रबमध्ये दोन्ही ठेवा. ड्रायव्हर लिहिताय, मॉड्यूल लिहिताय, तर चूक शोधायला पहारेवाला आणि वेग मोजायला साधा. एकाच कर्नलकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलात तर दोन्ही बिघडतात. रिपोर्टमध्ये किंवा ब्लॉगवर वेगाचे आकडे टाकताना कर्नलचं पूर्ण नाव आणि सीएमडीलाइन सोबत द्या. वाचणाऱ्याला निदान आरसा सरळ होता की वाकडा ते कळेल.

विंडोजवाले म्हणतील आमचं काय. तुमच्याकडे ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचा असाच पहारेकरी आहे. निळ्या पडद्याचं कारण शोधायला कोणीतरी व्हिडिओ बघून तो चालू करतं आणि बंद करायचं राहून जातं. रीस्टार्ट करून तो जात नाही. अ‍ॅडमिन म्हणून कमांड उघडा, व्हेरिफायर स्लॅश क्वेरी म्हणा, चालू दिसला तर व्हेरिफायर स्लॅश रीसेट, आणि मग रीस्टार्ट.

प्रश्न पाठवताना यूनेमचं उत्तर, दोन्ही चाचण्यांचे यूजर आणि सिस आकडे, आणि पर्फ टॉपचा एक स्क्रीनशॉट एवढं सोबत जोडा. नुसतं "ताई, फोन स्लो आहे" असा मेसेज आला तर मी पहिल्यांदा स्टोरेजच बघायला सांगणार. पुढच्या भागात झेडरॅम, म्हणजे ४ जीबीच्या फोनवर ६ जीबी लिहिलेलं कसं दिसतं ते.